ठाण्यातून सुटलेल्या जीपची सोयरीक

मी एक जीप बोलतेय. पोलिसांची होते, आता नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे तुम्ही निवांत ऐकाल.

कारखान्यात माझ्यासोबत जन्मलेल्या बहिणी कुठं कुठं गेल्या. कुणी डॉक्टरच्या दारात, कुणी ऊसतोड मुकादमाकडे. माझ्या नशिबी धाराशिव जिल्ह्यातलं एक पोलीस ठाणं आलं. मला हार घातला, नारळ फोडला आणि लगेच एका भांडणाला नेलं. बांधावरच्या बाभळीवरून दोन भाऊ हातघाईवर आले होते म्हणे. मी पोचले तेव्हा दोघे मिळून ती बाभळ तोडत होते आणि आम्हालाच म्हणाले, "जरा दोरी धरा."

ठाण्यातल्या दिवसांत मी माणसं पुष्कळ पाहिली. माझ्या मागच्या बाकावर जो बसला त्यानं एकच वाक्य म्हटलं, "साहेब, म्या काहीच केलं न्हाय." पुढच्या सीटवरचे साहेब बदलत गेले. तेही काही करत नसत. गाडी हलली की त्यांना झोप लागे. जागा असायचा तो माझा ड्रायव्हर अमरसिंह. तो रोज सकाळी माझी काच पुसायचा आणि घरच्या कटकटी मला सांगायचा. नवरात्रात तुळजापूरच्या बंदोबस्ताला मी इंजिन चालू ठेवून नुसती उभी राहायची. माझं निम्मं आयुष्य न चालताच गेलं.

माझ्या बोनेटखाली एक कर्णा बसवला होता. साहेबांनी बटण दाबून म्हटलं, "रस्ता मोकळा करा," की तो शब्द पार गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचा. कधीकधी बटण दाबलेलंच राहायचं आणि साहेबांचं घोरणं बाजारपेठेत ऐकू जायचं.

मग नवी गाडी आली आणि मी ठाण्याच्या आवारातल्या कडुलिंबाखाली गेले. जप्त मोटारसायकलींच्या रांगेत माझे दिवस जात होते. मागच्या बाकावर एका कोंबडीनं अंडी घातली. तिला कुणी उठवलं नाही, कारण ती कुणाची हे ठरत नव्हतं. पुढं लिलाव झाला. हायवेवर जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या कुमारशेटनं मला नेलं.

कुमारशेटनं माझ्या डोक्यावरचा दिवा काढला, पट्टे काढले, अंगभर पांढरा रंग मारला. पण दारावरची 'पोलीस' ही अक्षरं काही जाईनात. आजूबाजूचा पत्रा उन्हानं विटलेला आणि अक्षरांखालचा जसाच्या तसा, त्यामुळं वरून रंग मारला तरी ऊन तिरकं झालं की ती अलगद वर यायची. कर्णा मात्र कुमारशेटला दिसलाच नाही.

गिऱ्हाइकं यायची, आत बसायची आणि अवघडायची. एक जण तर स्टिअरिंगवर हात ठेवून बसला, थोड्या वेळानं खाली उतरून हात जोडून म्हणाला, "माझी चूक झाली," आणि निघून गेला. कसली चूक ते मला अजून माहीत नाही.

अशात एक दिवस अणदूरचा रेवणप्पा आला. शेळ्या पाळणारा माणूस. काळ्या, लांब कानाच्या, आपल्या भागातल्या नावाजलेल्या शेळ्यांचा त्याचा मोठा कळप. सोबत त्याची बायको बानूबाई आणि लेक मंजुषा. गाडी चालवायला मंजुषाच शिकलेली होती.

रेवणप्पानं मला शेळी पारखावी तसं पारखलं. टायर खुरासारखे दाबून बघितले, बोनेट उघडून आत वास घेतला, पाठीवरून हात फिरवला.

"कितीजणांच्या हाताखालनं गेलीय?" त्यानं विचारलं.

"एकच मालक," कुमारशेट म्हणाला. "आन् मालक म्हणजे सरकार. ऑइल येळच्या येळी बदललंय."

"हाणली बी आसंल खड्ड्याखुड्ड्यातनं," बानूबाई म्हणाली. तिनं मला हात लावला नव्हता. पदर सावरून लांबच उभी होती.

"मावशी, पळवली कमी, उभी जास्त केलीय. एक दिवस फिरवून बघा. पटली तर ठेवा, न्हाय पटली तर आणून सोडा."

त्यांना त्याच दिवशी माकणीच्या पुढं एका वस्तीवर जायचं होतं. तिथला सुरज नावाचा मुलगा मंजुषासाठी सुचवला होता. जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. आधी आपण त्यांचं घर बघायचं, मग त्यांनी आपलं, ही मंजुषाची अट होती. एसटीची वाट बघण्यापेक्षा जीपच पारखून होईल म्हणून ते माझ्यातच निघाले.

मंजुषाचा हात हलका होता. क्लच तिनं असा सोडला की मला अमरसिंहाची आठवण आली. रेवणप्पा पुढं बसला, बानूबाई मागं.

रंग बदलला तरी लांबून माझी ठेवण पोलिसांच्या गाडीचीच होती, त्यामुळं रस्त्यात जे व्हायचं ते होऊ लागलं. पहिल्याच गावाच्या पारावर पत्ते कुटणारी मंडळी उठून अशी नाहीशी झाली की एकाची चप्पल आणि राजा-राणी तिथंच पडले. पुढं एका वाळूच्या ट्रॅक्टरनं आम्हाला बघून सगळी वाळू रस्त्यातच ओतली आणि रिकामा होऊन सावकाश, सभ्यपणे निघून गेला. समोरून मोटारसायकलवर नवरा-बायको येत होते. बायकोच्या मांडीवर बाजारातून घेतलेलं नवं पातेलं होतं. तिनं आम्हाला बघितलं आणि ते पातेलं नवऱ्याच्या डोक्यावर पालथं घातलं. नवऱ्यानं तशाच अवस्थेत रेवणप्पाला नमस्कार केला.

रेवणप्पाही मान हलवून नमस्कार घेऊ लागला. त्याची पाठ ताठ होत चालली होती.

वस्तीवर आम्ही पोचलो तेव्हा ऊन नेमकं तिरकं झालं होतं. सुरजचा बाप व्यंकट अंगणात खुर्च्या मांडत होता. त्यानं माझ्या दाराकडं बघितलं, हातातली खुर्ची खाली ठेवली आणि शेजारच्या उसात शिरला. त्याची बायको म्हाळसाबाई धावत बाहेर आली, लांब काठीनं विजेच्या तारेवर चोरून टाकलेला आकडा काढला, वायर भराभरा गुंडाळली, ओट्यावरच्या पाळण्यात टाकली आणि "जो जो" म्हणत झोका दिला. मग तीही आत पळाली आणि दार लागलं. शेजारची दारं लागली. एक जण चिंचेवर चढला. क्षणात वस्तीवर माणूस उरला नाही. पाळणा तेवढा हलत होता.

"ही काय रीत झाली?" रेवणप्पा म्हणाला. "सांगून आलाव आपण."

"बोलावल्याबिगर म्या उतरणार न्हाय," बानूबाई म्हणाली. "काचा वर घे मंजे, फुफाटा येलालाय."

मंजुषानं काचा वर घेतल्या, पंखा लावला. तेवढ्यात तिचं कोपर डॅशबोर्डच्या कडेच्या एका बटणाला लागलं. माझा कर्णा जागा झाला.

आतल्या तिघांना ते कळलं नाही. पंखा घरघरत होता, आणि भांडताना माणसाला स्वतःचा आवाज नेहमी लहानच वाटतो.

"येतील तवा येतील," बानूबाईचा आवाज वस्तीभर घुमला. "आधी ह्या जीपचं काय ते ठरवा. जिच्यात बसलं की लोकं रडत्यात, तिच्यात माझ्या शेळ्या न्यायच्या? दूध आटंल त्यांचं."

"अगं, इंजिन तरी बघ. पोरीनं एका हातानं आणलीय इथवर."

"तुमाला इंजिन नगं, ही पुढची शीट पायजे. पोलीस भरतीत छाती कमी भरली, ते आजून मनात हाय तुमच्या. मघाधरनं लोकांचे नमस्कार घेलालाव."

रेवणप्पा हळूच म्हणाला, पण कर्ण्याला हळू कळत नाही. "कमी न्हवती छाती. श्वास भरून घे म्हनले, तवा म्या सोडला. घाबरलो व्हतो."

चिंचेवरून एक सुस्कारा ऐकू आला.

"अप्पा, माय, गाडी मला पाहिजे," मंजुषा म्हणाली. "आपल्या शेळ्या बघायला लोक कुठून कुठून येत्यात. आणि आपण काय करतो? दारात बसतो. व्यापारी येतो, चांगली चांगली निवडतो, म्हणंल तो भाव देऊन जातो. मला लांबच्या बाजारांना जायचंय. लग्न झालं तरी जायचंय."

"आन् ह्यो पोरगा न्हाय म्हणला तर?"

"तर आज आल्यासारखी याच गाडीतून परत जायचं. पोरगा नोकरीला आहे, शांत आहे म्हणतात. पण शांत माणूस आतनं कसा ते विचारल्याशिवाय कसं कळायचं?"

"शांतच आसंल," बानूबाई म्हणाली. "पर फोटूतलं नाक बघितलं का? बसकं हाय."

"नाक माझ्यावर गेलंय त्याचं," उसातून आवाज आला.

पंखा मंजुषानं झटकन बंद केला. तिचा "अगं बाई" सुद्धा वस्तीभर ऐकू गेला. मग तिला बटण दिसलं.

ऊस हलला. डोक्यात पाचट अडकलेला व्यंकट बाहेर आला. "पोलीस न्हाय व्हय तुमी? मला वाटलं आकड्यासाठी आलाव. पाव्हणं, उतरा. नाकाचं नंतर बघू."

मग एकेक दार उघडलं आणि सगळी वस्ती माझ्याभोवती जमली. आमची घालमेल त्यांनी ऐकलेली, त्यामुळं प्रत्येकाला मत होतं. चिंचेवरचा माणूस उतरेपर्यंत धीर न धरता वरूनच म्हणाला, "टायर बदलून घ्या." एका म्हातारीचं म्हणणं, गाडी घ्यावी पण काळा दोरा बांधावा. व्यंकट म्हणाला, शेळ्यांना कायदा कळत नाही, त्या भिणार नाहीत. कुणी विचारलं, ही गाडी दारात उभी राहिली तर आकडे टाकायचे कसे? त्यावर सगळे ओट्यावरच्या पाळण्याकडं बघू लागले.

"पोरगा कुठंय?" बानूबाईनं विचारलं.

सगळ्यांनी म्हाळसाबाईकडं बघितलं. ती लगबगीनं आत गेली. तिनं सुरजला ज्वारीच्या कणगीत बसवून झाकणावर वरवंटा ठेवला होता. तो बाहेर आला तेव्हा नव्या सदऱ्यावर, भुवयांवर, सगळीकडं ज्वारीचं भुसकट होतं. तो सरळ माझ्या ड्रायव्हरच्या बाजूला येऊन उभा राहिला.

"तुम्ही का लपलात?" मंजुषानं विचारलं.

"आईनं बसवलं."

"आणि तुम्ही बसलात."

"बसलो," सुरज म्हणाला. "मी काय केलंय ते आठवत होतो. काहीच आठवलं नाही, तरी बाहेर यायची हिंमत झाली नाही. नंतर तुमचं बोलणं ऐकलं आणि झाकण ढकलायला लागलो, तर वर वरवंटा."

रेवणप्पानं पुढं होऊन त्याच्या खांद्यावरचं भुसकट झटकलं.

"शेळ्यांचं म्हणाल, तर दिवसभर मी त्यांनाच सुया टोचतो," सुरज म्हणाला. "त्या सोडा असं मी कशाला म्हणू? तुम्ही बाजाराला जा. सुट्टीच्या दिवशी मी येईन. मला गाडी चालवू द्याल?"

"आधी शिका," मंजुषा म्हणाली. पण ती हसत होती.

म्हाळसाबाईनं बानूबाईसाठी खुर्ची आणली आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. तिची भेदरलेली नजर अजून माझ्या दारावरच होती, निम्मं पाणी खाली सांडत होतं. बानूबाई आयुष्यभर शेळ्यांमागं हिंडताना लोकांच्या दाराबाहेर उभ्यानं पाणी प्यायलेली बाई. तिनं खुर्चीकडं बघितलं, तांब्याकडं बघितलं.

"भिऊन दिल्यालं पानी म्या पित न्हाय," ती म्हणाली. खुर्ची बाजूला सारून ती ओट्यावर बसली आणि म्हाळसाबाईला हाताला धरून शेजारी बसवलं. "आमी शेळ्यावाली मानसं. पाळण्यात वायर हाय, ती आधी काढा, मग चहा ठिवा."

त्या चहावर लग्न ठरलं. माझं मात्र ठरलं नव्हतं. परतीच्या वाटेवर रेवणप्पा बानूबाईला काही विचारायला धजत नव्हता. अणदूर जवळ आल्यावर तीच म्हणाली, "घ्या गाडी. गरीब हाय बिचारी. पर दारावरचं त्ये नाव गेल्याबिगर माझी शेळी आत चढणार न्हाय."

कुमारशेटनं पुन्हा घासलं, पुन्हा रंगवलं. नाव पुन्हा वर आलं. शेवटी बानूबाईनंच खंडोबाच्या भंडाऱ्यासारखा पिवळाधमक रंग आणला आणि घराची भिंत रंगवावी तसा माझ्यावर थरावर थर चढवला. काचांच्या कडाही पिवळ्या झाल्या. शेजारच्या पोराटोरांनी मला नवरीला हळद लावलीय म्हणून चिडवलं. रंग वाळला, तिरकं ऊन आलं, आणि दार नुसतं पिवळं राहिलं. बानूबाईनं पहिली शेळी स्वतः उचलून आत ठेवली. शेळीनं मागचा बाक हुंगला आणि खायला सुरुवात केली.

आता मी बाजारांना जाते. पुढच्या सीटवर रेवणप्पा असतो, मांडीवर एखादं करडू. सुट्टीच्या दिवशी सुरज चालवतो, तेव्हा मी जरा घाबरून असते. माझा एक बाक शेळ्यांनी पार संपवला आहे. मला लेंड्यांचा वास येतो. माझी तक्रार नाही.

परवा फाट्यावर डोक्यावर गाठोडं घेतलेली धुरपताबाई नावाची एक म्हातारी उभी होती. मला बघून तिनं हात पुढं केला. मला आधी कळेचना तिला काय हवंय. माझ्यासमोर माणसांनी हात जोडले होते, वर केले होते, पाठीमागं लपवले होते. थांब, मला घेऊन चल, म्हणून कुणी हात केला नव्हता. मंजुषानं ब्रेक दाबला. म्हातारी चढली आणि गाठोडं शेळ्यांपासून वाचवत, बिनघोर बोलत राहिली.

तर अणदूरच्या रस्त्याला पिवळी जीप दिसली तर तुम्हीही हात करा. मंजुषा थांबते. शेळ्या थोड्या सरकतात.