चेसिस नंबरचा ठसा

चेसिस नंबर शेवटी हिंदुराव मिणचेकरांच्या गळ्याखालच्या डाव्या हाडावर सापडला. अक्षरं स्वच्छ होती, ओळ सरळ होती, आणि टी-एसनंतरचे पाचही आकडे आरसी बुकाशी तंतोतंत जुळत होते. एजंट सर्जेरावांनी हाडावर पातळ कागद धरला, त्यावरून पेन्सिल आडवी घासली आणि कागद उजेडात नेऊन बघितला.

"पंचवीस वर्षं आरटीओच्या दारात काढली मालक, असला ठसा बघितला न्हवता," ते म्हणाले. "साहेब फ्रेम करून लावंल."

हिंदुरावांना बरं वाटलं. गाडीबद्दल कुणी चांगलं बोललं की त्यांना बरंच वाटायचं, मग ती चांगली गोष्ट गाडीवर असो नाहीतर त्यांच्या अंगावर.

गाडी म्हणजे एकोणीसशे एकोणसाठ सालची ट्रायम्फ. दोन माणसांची, उघड्या टपाची, विलायतेत जन्मलेली आणि कोल्हापुरात नांदलेली. दारं इतकी खाली कापलेली की बसल्या जागेवरून रस्त्याला हात टेकावा. बेळगावच्या एका निवृत्त लष्करी डॉक्टरकडून हिंदुरावांनी ती घेतली त्याला एकेचाळीस वर्षं झाली. तेव्हा ते उद्यमनगरात दुसऱ्याच्या लेथवर उभे राहणारे टर्नर होते. पुढं स्वतःचं वर्कशॉप झालं, तेही पुतण्याच्या हवाली करून झालं, पण गाडीला त्यांनी परका हात लागू दिला नाही. जो भाग झिजला तो स्वतः लेथवर काढला आणि मुळापेक्षा सरस काढला, असं ते न विचारता सांगायचे. खंडेनवमीला गाडीला हार घालायचे, पण लिंबू-मिरची बांधू द्यायचे नाहीत. लिंबाच्या रसानं क्रोम जातं. दृष्ट लागली तर लागू दे, डाग नको.

विकायचं कारण गुडघा. डावा गुडघा बदलल्यापासून क्लच दाबला जाईना. पुतण्यानं एकदा हौसेनं चालवायला घेतली, गाडी पुरती थांबायच्या आत पहिला गिअर टाकला, आणि गिअरबॉक्स असा करवादला की हिंदुराव दोन दिवस जेवले नाहीत. त्यानंतर सात आठवडे गाडी शेडमध्ये झाकून उभी होती. आठव्या आठवड्यात त्यांनी बायकोला, शालनकाकूंना, सांगितलं, "ती माझ्या आधी जायला नको आणि माझ्या मागं सडायला नको. चालवणाऱ्याच्या हातात दिली पाहिजे."

गिऱ्हाइकं आठ आली. एकाला गाडीत मोठे स्पीकर बसवायचे होते. एकाला ती लग्नाच्या वरातीला भाड्यानं द्यायची होती. त्याला हिंदुरावांनी चहासुद्धा विचारला नाही. नववी आली मिरजेची दातांची डॉक्टर, वैजयंती आरवाडे. पन्नाशीची बाई, पांढरे केस बारीक कापलेले. आल्या आल्या तिनं किंमत विचारली नाही. पर्समधून दात तपासायचा छोटा आरसा काढला, कार्बोरेटरच्या खाली धरला आणि म्हणाली, "काका, इथंसुद्धा पुसता तुम्ही?"

त्याच क्षणी हिंदुरावांनी मनात गाडी देऊन टाकली होती. राहिला होता तो फक्त ठसा. गाडी नावावर करायची तर चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि उमटलेला नंबर फॉर्मला चिकटवायचा, ही रीत. त्यासाठीच रविवारी सकाळी सर्जेराव आले होते.

त्यांनी बॉनेट उघडलं आणि डोक्याला हात लावला. नंबरची पितळी पट्टी होती, तिचे चारही स्क्रू होते, पण पट्टीवर काहीच नव्हतं. ती आरशासारखी गुळगुळीत होती. तिच्यात सर्जेरावांचं नाक दिसत होतं.

"मालक, नंबर कुठाय?"

"आहे की. दर रविवारी पॉलिश करतो मी."

"एकेचाळीस वर्षं?"

"एक रविवार चुकवला नाही."

"मग पुसून गेला की वो! खाली चासीवर बी असतोय, त्यो बघू."

"तो दर दिवाळीला करतो," हिंदुराव म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. पुसण्याच्या अभिमानात माणूस काय काय पुसून टाकतो, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. ठसा नाही म्हणजे नाव बदलणार नाही. नाव बदलणार नाही म्हणजे गाडी पुन्हा शेडमध्ये, चादरीखाली.

"तुम्ही पॉलिश करता कसं, ते दाखवा बरं," डॉक्टर म्हणाल्या.

हिंदुराव सवयीनं मडगार्डवरून वाकले, डावा खांदा बॉनेटच्या कडेला टेकवला आणि फडकं फिरवलं. वाकताना शर्टाचं वरचं बटण सुटलं.

"त्यांच्या अंगावर आहे बघा तो," शालनकाकू चहाचा ट्रे घेऊन दारातूनच म्हणाल्या. "पाठ चोळताना कितीदा दिसलाय. मला वाटायचं, बनियनचा वळ."

अशा रीतीनं ठसा मिळाला. तो घेऊन होताच डॉक्टरांनी पुन्हा एकदा सगळी गाडी तपासली आणि त्यात कुणाला वावगं वाटलं नाही, कारण नंबर जिथं आहे तिथंच तपासणी करायची असते. त्यांनी हिंदुरावांच्या खांद्याच्या सांध्यावर कान ठेवला. त्यांना जीभ बाहेर काढायला लावली. आरसा दाढांच्या मागं फिरवला.

"सगळं ओरिजिनल?"

"डावा गुडघा बदललाय," हिंदुराव प्रामाणिकपणे म्हणाले. "बाकी एकहाती. बाहेरच्या धुळीत कधी रात्र काढलेली नाही."

"रंग?"

"एकदाच. तोही मुळातलाच."

शेडमध्ये सर्जेरावांनी सहज गाडीचा हॉर्न दाबून बघितला. गाडीतून आवाज आला नाही. हिंदुरावांनी घसा खाकरला, आणि बाहेर रस्त्यावरून चाललेली एक म्हैस बाजूला झाली. "हॉर्न चांगलाय," सर्जेराव म्हणाले आणि त्यांनी फॉर्मवर खूण केली.

मग सहीची वेळ आली. किमतीचं आधीच बोलून झालं होतं, त्यात कुणाला घासाघीस करायची नव्हती. सर्जेरावांनी ठसा डिंकानं चिकटवला आणि बोटानं जागा दाखवली. शालनकाकूंनी चहाचे कप गोळा करता करता विचारलं, "सही झाली की काय होतं?"

"नंबर मॅडमच्या नावावर होतो."

"नंबर म्हणजे हाडपण?"

सर्जेरावांनी फॉर्म उलटून पालटून बघितला. "त्याला येगळा रकाना न्हाई काकू. नंबर ज्याच्यावर, ती गाडी. एवढंच धरत्यात."

शालनकाकूंच्या हातातले कप वाजले. त्या पदरानं हात पुसत पुढं आल्या. एकेचाळीस वर्षं गाडीच्या डाव्या सीटवर त्याच बसत आल्या होत्या. पंचगंगेचा पूल ओलांडून गाडी चौथ्या गिअरात पडली की वारा असा लागायचा की त्या पदर डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारायच्या. पूल गेला आणि गाठ मारली नाही असं कधी झालं नव्हतं. गाडीवर त्यांचा राग नव्हता. पण गाडी ही सवत असली तरी ती आपल्या घरातली, असं त्यांनी मनाशी जमवून घेतलं होतं.

"अहो, नका करू सही," त्या म्हणाल्या. "राहू दे की शेडात. मी पुसत जाईन."

"पुसून पुसून तर नंबर घालवला, शालन."

"पण मग तुमचं काय?"

हिंदुरावांना भीती वाटत होती, आणि ती त्यांनी लपवलीही नाही. त्यांनी डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टर गाडीजवळ उभ्या होत्या आणि मडगार्डवर पडलेलं शेवग्याचं एक पिवळं पान, ओरखडा उमटू नये म्हणून, ओढून न घेता वरच्यावर उचलत होत्या.

"डॉक्टर, पहिला गिअर कधी टाकायचा?"

"पूर्ण थांबल्यावर, काका. चाक फिरायचं थांबल्यावर."

"आणि घाईत असलात तर?"

"तरी थांबल्यावरच."

हिंदुरावांनी सही केली. ठळक, मोडीतल्यासारखी वळणदार, वर्कशॉपच्या पाटीवर होती तशी. सही करताना त्यांची छाती भरून आली होती. अशी गाडी आणि असं गिऱ्हाईक, दोन्ही एका दारात उभी राहायला नशीब लागतं, असं ते सर्जेरावांना म्हणाले. सर्जेराव कागद घडी घालून निघून गेले.

डॉक्टर गाडीत बसल्या. चावी फिरवली, थंड इंजिनासाठीचा चोक बाहेर ओढला, बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. गाडी गप्प.

"असं होणार नाही," हिंदुराव म्हणाले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकेचाळीस वर्षांत ही गाडी दुसऱ्या दाबाला चालू झाली नव्हती. पहिल्यालाच व्हायची. ते पायरीवर उभे होते, सकाळची थंडी अजून हटली नव्हती, आणि त्यांना छातीत काहीतरी कोंडल्यासारखं वाटत होतं. शालनकाकूंनी त्यांच्याकडं नीट बघितलं. मग पुढं होऊन त्यांनी नवऱ्याच्या शर्टाचं वरचं बटण दोन बोटांत धरलं आणि हलकेच बाहेर ओढलं.

"आता दाबा हो, डॉक्टर."

डॉक्टरांनी बटण दाबलं. हिंदुराव पहिल्या दाबाला चालू झाले. छातीत चार सिलिंडर एकामागून एक पेटले, एकाचाही ठोका चुकला नाही. आवाज त्यांच्या बरगड्यांतून निघून अंगणभर घुमला, आणि शेजारच्या वर्कशॉपातला पुतण्या लेथ बंद करून ऐकायला बाहेर आला. गाडी आवाज न करता फाटकाकडं सरकली. डॉक्टरांनी हात वर केला. हिंदुरावांनीही केला.

"बघितलंस?" ते शालनकाकूंना म्हणाले. शब्द जरा थरथरत बाहेर पडत होते, पण स्पष्ट होते. "थंडीत. पहिल्या दाबाला."

"तुमचा हात तापलाय."

"काटा मधेच आहे. तापायला पाहिजे तेवढाच."

गाडी कोपऱ्यापर्यंत दिसली, मग दिसेनाशी झाली. कोपऱ्यावर चौक होता आणि चौकात नेहमी टेम्पो आडवे असायचे. तिथं थांबावं लागणार, आणि थांबल्यावर पुन्हा पहिला टाकावा लागणार. हिंदुरावांनी दात आवळले. पुतण्याला आपला दिवस आठवला. शालनकाकूंनी नवऱ्याचा दंड घट्ट धरला. छातीतला आवाज खाली खाली गेला, अगदी मंद झाला, मग एका जागी ठरला.

काही वेळ तसाच गेला. मग आत कुठंतरी, लोणी कापल्यासारखा, पहिला गिअर पडला.

"थांबल्या," हिंदुराव म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पूर्ण थांबल्या. कळलं रे तुला? असं टाकायचं असतं."

पुतण्यानं मान खाली घातली आणि तो आत गेला.

दुसरा पडला. तिसरा पडला. हिंदुराव फाटकाच्या खांबाला धरून उभे होते आणि एकेक जागा सांगत होते. आता टेंबलाईची चढण. बाई चढावर ओढत नाही, गिअर खाली उतरवते, शाबास. आता हायवे. आता रस्ता मोकळा. त्यांची मान ताठ होती, गालांवर तरुणपणीचा रंग आला होता, आणि गळ्याखालचे आकडे शर्टातून उठून दिसत होते. इतका रुबाबदार नवरा शालनकाकूंनी लग्नातही बघितला नव्हता, आणि त्यांना त्याचा अभिमान वाटला, आणि भीतीही तेवढीच वाटली.

"अहो, तुम्ही इथंच आहात ना?"

"उभा आहे की तुझ्यापुढं."

"मग असे लांबून का बोलताय?"

"पूल आला, शालन," हिंदुराव म्हणाले.

त्यांनी डावा पाय हळूच दाबला, गुडघा मुळीच दुखला नाही, आणि चौथा पडला. अंगणात शेवग्याचं पानसुद्धा हलत नव्हतं. शालनकाकूंचे केस एकदम मागं उडाले. त्यांनी नवऱ्याचा दंड न सोडता एका हातानं पदर डोक्यावरून ओढला, त्याचं टोक दातात धरलं आणि हनुवटीखाली गाठ मारली.