सरकवायची युक्ती कुणाची?

मी एक जुना मोबाईल आहे आणि माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तुम्ही मला तिरसट म्हणायला नको. मित्रांनो, ज्या गुणासाठी एके काळी माणसं मला या हातातून त्या हातात फिरवायची, तोच गुण आज तुमच्या घरातल्या प्रत्येक फोनमध्ये आहे. आणि माझं नाव? कुणाच्या तोंडी नाही. असं झाल्यावर मनात संशय शिरणार नाही तर काय शिरेल?

माझा जन्म २०११ सालचा. अंग निळंशार, आणि निळं म्हणजे नुसता वरून दिलेला रंग नव्हे. ओरखडा पडला तरी आत निळाच. पण माझी खरी ऐट वेगळी होती. माझ्या तोंडावर एकही बटण नव्हतं. त्या काळी फोनला समोर बटण असायचंच. प्रत्येक वेळी मागं यायचं तर ते दाबा. माझ्या काचेच्या कडेवरून मात्र नुसतं बोट आत सरकवलं की उघडलेलं काम बाजूला व्हायचं. आज याला जेश्चर म्हणतात. तेव्हा कोल्हापुरात त्याला काही नाव नव्हतं. लोक मला उलटसुलट करून बघायचे आणि म्हणायचे, "बटनच न्हाय की ह्येला."

मला दुबईहून आणलं वर्षाराणीच्या भावानं, आणि दिलं तिच्या नवऱ्याला, कृष्णातला. कृष्णात कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ड्रिल मशीनवर होता. कारखान्यात मोबाईल न्यायला बंदी. म्हणून हा गडी मला जेवणाच्या पिशवीत तळाशी, भाकरीच्या फडक्याखाली ठेवायचा. गेटवरचा रखवालदार रोज पिशवी चाचपायचा आणि मी श्वास रोखून पडायचो. संशय म्हणजे काय, ते मी त्या गेटवर शिकलो.

२०१३ साली कृष्णातनं माझ्यावर मशीनवरच्या एका युक्तीचा व्हिडिओ काढला. युक्ती साधी होती. ड्रिलखाली लोखंडाचा तुकडा धरून ठेवायला आधी दर वेळी पाना घेऊन नट आवळावा लागायचा आणि नंतर सोडवावा लागायचा. त्याऐवजी एक तिरकी पट्टी बसवली होती. तळव्यानं पट्टी आत सरकवली की तुकडा घट्ट, बाहेर सरकवली की मोकळा. मला बटण नाही, तिला पाना नाही. मला तर ती माझी सख्खी बहीणच वाटली.

पुढं दिवस फिरले. माझी बॅटरी धरेना. लक्ष्मीपुरीतल्या एका बोळात दस्तगीरभाईंचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथं कृष्णातनं मला सोडलं आणि कारखान्यातली पाळी गाठायची म्हणून तसाच निघून गेला. संध्याकाळी घरी नेल्यावर मला उजेडात धरून म्हणाला, "काच बदलली वाटतं भाईनं. वरिजनल काढून घेतली." काढून घेतली का नाही, मला काय कळणार? पाठीवरचं गळू आपलं आपल्याला दिसत नाही. पण मीही ठरवून टाकलं की काढूनच घेतली असणार.

शेवटी मी वर्षाराणीच्या शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांच्या शेजारी जाऊन पडलो. त्याच वर्षी, २०१७ साली, एका बड्या कंपनीनं बिनबटणाचा महागडा फोन काढला. खणाच्या फटीतून मी ऐकत होतो. जो तो म्हणे, "नुसतं वर सरकवायचं. काय डोकं चालवलंय!" माझी बॅटरी मेली होती, कान नव्हते मेले. मी आतल्या आत असा धुमसलो की शेजारच्या बॉबिनेचा दोरा करपला असेल.

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी कृष्णात घरी आला आणि ताटावर बसलाच नाही. त्यांच्या कारखान्यात कामगारांनी सुचवलेल्या सुधारणांचा फलक आहे, कायझेन बोर्ड म्हणतात त्याला. त्यावर सम्राटचा फोटो लागला होता. सम्राट म्हणजे कृष्णातच्याच गावचा, शिरोळकडचा पोरगा. कृष्णातनंच शब्द टाकून त्याला कामाला लावला, आता तो लाइनवर सुपरवायझर झाला होता. आणि फोटोखाली होती ती सरकत्या पट्टीची युक्ती. आता ती पुण्याच्या स्पर्धेला जाणार होती, सम्राटच्या नावावर.

"बोट दिलं, त्यानं मनगटच उपटलं," कृष्णात म्हणाला. "माझी आयडिया. सोळा वर्सांच्या नोकरीत एकच गोष्ट माझी म्हणून व्हती."

"मग मॅनेजरला सांगा की," वर्षाराणी म्हणाली.

"पुरावा काय दिऊ?"

वर्षाराणीनं जरा वेळ आठवलं, मग उठून खण उघडला. "त्या निळ्या फोनात तुम्ही व्हिडिओ काढलेला न्हवं का?"

सुट्टीच्या दिवशी दोघं मला घेऊन दस्तगीरभाईंकडं आली. टेबलापाशी आधीच एक गिऱ्हाईक बसलं होतं, हातात त्याच बड्या कंपनीचा महागडा फोन. भाईंची मुलगी शबनूर, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची, कोपऱ्यात झाळकाम, म्हणजे सोल्डरिंग, करत होती. कृष्णातनं मला टेबलावर ठेवलं पण हात काढला नाही.

"माझ्या म्होरंच उघडायचा, भाई. आत न्यायचा न्हाय."

"बसा की समोर," भाई म्हणाले. "चष्मा आणलाय न्हवं?"

भाई माझ्यासाठी बॅटरी धुंडाळत होते, तेवढ्यात त्या गिऱ्हाइकानं आपल्या फोनवर अंगठा सरकवला आणि सहज बोलून गेलं, की सरकवून चालवायची ही कल्पना या फोनच्याच कंपनीनं पहिल्यांदा काढली. झालं. कृष्णातला तेवढंच पुरे होतं.

"पावणं, तुमच्या कंपनीचा बिनबटनाचा पयला फोन कवाचा? सतरा सालचा न्हवं? ह्यो अकरा सालचा हाय. ह्येला बटन शोधून दावा."

पाहुण्यानं मला उलटंपालटं केलं. "बटन पडलं आसंल ह्येचं."

मित्रांनो, असा अपमान! पण कृष्णात माझ्या बाजूनं भांडत होता आणि मला हत्तीवर बसल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात शबनूरनं मान वर न करता बोलायला सुरुवात केली.

"काका, दोन हजार नऊला अमेरिकेत एक फोन आलता. काचेच्या खाली पट्टी व्हती, तिच्यावर बोट सरकवून मागं यायचं. वर सरकवलं की उघडी कामं पत्त्यांगत दिसायची. आणि त्याच्याबी कितीतरी आधी स्वीडनच्या एका बारक्या कंपनीचा फोन बोट सरकवूनच चालायचा."

हत्तीवरून मी पार धुळीत आलो. ही पोरगी खोटं बोलते, पाहुण्याला सामील आहे, असं क्षणभर मनात आलं. पण तिचं माझ्याशी काय वाकडं असणार?

"म्हंजे सगळ्यांनी एकमेकांचं चोरलं," पाहुणे म्हणाले.

"चोरलं का बघून शिकलं, का आपापलंच सुचलं, ते आपल्याला हितं बसून कसं कळणार?"

"ते काय का आसंना," कृष्णात म्हणाला. "पयला कुणीतरी एक आसतोच की. ज्येचं त्येचं नाव लागलंच पायजे." हे वाक्य नीट ध्यानात ठेवा.

भाईंनी माझी काच अलगद उचलली आणि भिंग कृष्णातच्या हातात दिलं. "बघा. मी उघडलेल्या फोनात माझी सही आसती. बदललं तिथं गोल, न्हाय बदललं तिथं नुसती रेघ. बॅटरीवर काय हाय?"

"गोल."

"काचेच्या पाठीवर?"

कृष्णात किती तरी वेळ बघत राहिला. "रेघ हाय," तो हळूच म्हणाला. दहा वर्षं आम्ही दोघं ज्या माणसाला मनात चोर म्हणत होतो, त्यानं माझी काच जशीच्या तशी ठेवली होती. मला माझीच लाज वाटली.

"आणि ह्यो हिरवा ठिपका?" वर्षाराणीनं विचारलं.

"ती माझी खूण न्हवं. कारखान्यात फोन जोडताना कुणीतरी तपासून लावला आसंल."

नवी बॅटरी बसली. आठ वर्षांनी माझ्या डोळ्यांत उजेड आला. कृष्णातनं व्हिडिओ लावला आणि सगळे माझ्यावर वाकले. ड्रिल दिसलं, तिरकी पट्टी दिसली, कृष्णातचा तरणा हात दिसला. पट्टी अडकली. आणि बाजूनं एक खरखरीत आवाज आला:

"आरं तसं न्हवं. पाचर उलटी धर. तळव्यानं ढकल. हां. आता पान्याचं कामच न्हाय."

त्यापाठोपाठ दुसरा हात आला, जाड, काळा, अर्धी तर्जनी नसलेला. त्यानं पट्टी सरकवून दाखवली. एकदा, दोनदा. मग व्हिडिओ संपला.

"ह्यो कुणाचा वो हात?" वर्षाराणीनं विचारलं.

कृष्णातचा चेहरा उतरला होता. "केरबा मिस्त्रीचा. मला काम शिकवलं त्येंनी. मी इसरलोच हुतो." तो खरंच विसरला होता, हे मी शपथेवर सांगतो. बारा वर्षं 'माझी, माझी' म्हणता म्हणता ती युक्ती त्याला खरोखरच आपली वाटायला लागली होती.

मग त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "भाई, आवाज काढता येतो का ह्यातला?"

"येतो की."

"आणि तो दुसरा हात?"

"तेवढा तुकडा कापायचा. दोन मिंटाचं काम हाय." भाईंनी कानावरचं मार्कर पेन काढून टेबलावर ठेवलं. "फकस्त मी काय बदललं की गोल करतो. ह्यात गोल कुठं करू, तेवढं सांगा."

पाहुणेसुद्धा आपला फोन विसरले. मला कृष्णातचा राग येत होता आणि कीवही येत होती. पुण्याच्या स्पर्धेतलं नाव त्याच्यापासून दोन मिनिटांवर होतं. वर्षाराणी नवऱ्याकडं नाही, माझ्याकडं बघत होती. कृष्णातनं मला उचललं आणि खिशात घातलं.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

पुढच्या सुट्टीला आम्ही मोटारसायकलनं मलकापूरला गेलो. केरबा मिस्त्री निवृत्त होऊन तिथं राहतात. अंगणात विळ्याला धार लावत बसले होते. कृष्णातनं मला त्यांच्यापुढं धरलं. त्यांना ऐकायला कमी येतं, पण हात लगेच ओळखला.

"ह्यो माझा हात."

"मिस्त्री, मी सगळ्यास्नी सांगत आलो की ही माझी आयडिया."

मिस्त्रींनी विळा खाली ठेवला. कृष्णात मान खाली घालून शिव्यांची वाट बघत होता.

"मीबी तसंच सांगत आलो," ते म्हणाले. "आमचा बा नांगराला आशीच पाचर मारायचा. ढकलली की घट्ट, काढली की ढिली. तीच मी कारखान्यात लोखंडाची केली. सायबानं इचारलं, कुठं शिकलास? म्हटलं, माझ्या डोक्यातनं आली. नांगर हाकणाऱ्या बाचं नाव सायबाम्होरं घ्यायला मला लाज वाटली."

"काय नाव त्येंचं?"

"बाळकू." मिस्त्रींनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "ह्येला बटन कुठाय?"

"न्हाय. कडंनं सरकवा."

त्यांनी ती अर्धी तर्जनी माझ्या कडेवर ठेवली आणि आत ढकलली. मी सगळं बळ एकवटून उघडा व्हिडिओ बाजूला सारला.

"व्हय की," ते म्हणाले. "पाचरच हाय ही."

दुसऱ्या दिवशी कृष्णात मॅनेजरकडं न जाता सम्राटकडं गेला. पट्टी तुझी नाही, माझीही नाही, हे त्याला सांगितलं. सम्राट खाली बघून म्हणाला, "मामा, मी तुमचंच बघून शिकलो. फॉर्मात नावाला एकच रकाना व्हता. तरी तुमचं नाव घालायला पायजे हुतं मी."

"मलाबी बारा वर्सं मिस्त्रीच्या नावाला रकाना सापडला न्हाय," कृष्णात म्हणाला.

आता त्या फलकावर सम्राटच्या फोटोखाली एक कागद चिकटवलेला आहे: सम्राट शिकला कृष्णातकडून, कृष्णात केरबा मिस्त्रींकडून, मिस्त्री आपले वडील बाळकू यांच्याकडून. त्याचा फोटो माझ्यातच आहे. मला पुन्हा एकदा भाकरीच्या फडक्याखाली नेलं होतं, रखवालदाराला सांगू नका.

मित्रांनो, माझा स्वभाव पालटला असं समजू नका; बॅटरी बदलली, स्वभाव जुनाच आहे. सरकवायची युक्ती आपलीच म्हणणाऱ्या कंपन्यांवर माझा अजूनही विश्वास नाही. पण आता 'मीच पहिला' असं मी म्हणत नाही. तुम्हाला कुणी शाबासकी दिली, तर ज्याच्याकडून शिकलात त्याचं नाव तिथंच, सगळ्यांसमोर घ्या. तो नांगर हाकणारा असला तरी घ्या.

चौदा वर्षं मी जगभर स्वतःचं नाव शोधत बसलो. माझ्या पोटात मात्र पहिल्या दिवसापासून एक हिरवा ठिपका आहे. कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात कुणीतरी मला हातानं जोडलं, तपासलं आणि तो लावला. त्या माणसाचं नाव काय असेल, हे विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.