बियाण्यासाठी राहिलेली ज्वारी

मित्रांनो, मी ज्वारी आहे. पण माझे दाणे कोणी दळायला नेत नाही. मी केरसुणीसाठी पेरलेली ज्वारी. खाण्याच्या ज्वारीचे कणीस मुठीसारखे आवळलेले असते. माझे हातभर लांब, मोकळ्या काड्यांचे.

आमची कापणी दाणे भरण्याआधी, हिरवेपणीच होते. तेव्हाच काडी चिवट राहते. पिकू दिली तर झाडताना मोडते. म्हणून केरसुण्या बांधणारी म्हातारी दर वर्षी काही ताटांना, म्हणजे उभ्या धाटांना, चिंधी बांधून ती बियाण्यासाठी राखत असे. यंदा ती अंथरुणाला खिळली, चिंध्या बांधायच्या राहिल्या आणि तिच्या मुलाने सगळे शेत कापले.

"बियाण्याची ताटं राखलीस ना?" म्हातारीने विचारले.

"चिंधी कुठंच दिसली नाही. एकूण एक कणीस उतरवलं. आता तरी शाबास म्हण की."

"म्हणते हो. पुढच्या वर्षी तुझ्या मिशांच्या केरसुण्या बांधू."

मुलगा हसला नाही. हे बियाणे आसपास दुसऱ्या कोणाकडेच उरले नव्हते.

सून तशीच शेतात आली आणि ओळीओळीने फिरली. मी बांधालगतची, वाढ खुंटलेली. माझे कणीस अजून पोटरीत, पानांच्या गुंडाळीत होते, म्हणून विळ्यातून सुटले होते. तिने पोटरी चाचपली आणि म्हातारीला सांगायला घराकडे पळाली.

पण शेजारच्या शेतात खाण्याची ज्वारी फुलायच्या बेतात होती. तिचे पराग माझ्यावर पडले असते, तर पुढच्या पिढीच्या काड्या आखूड झाल्या असत्या. माझे कणीस बाहेर डोकावू लागताच म्हातारीने पडल्या पडल्या जुन्या सदऱ्याच्या बाहीची पिशवी शिवली.

"हळू घाल गं, मान मोडेल तिची."

"तुमच्या लेकीला नीट झाकून आले, आई," सून परत येऊन म्हणाली.

मला माझेच पराग पुरतात. त्या बाहीत मी फुलले, पिकले. दाणे कडक होण्याआधीच म्हातारी गेली.

तिच्या रिकाम्या खाटेवर बसून सुनेने माझे कणीस मळले. मूठभर बी निघाले. माझ्या काड्या वाकड्या, ठिसूळ झाल्या होत्या. माझ्या बहिणी केरसुण्या होऊन घरोघरी पोचल्या. मी कधीच अंगण झाडणार नाही.

"पुढच्या हंगामात यातलं किती कापायचं?" मुलाने विचारले.

"काहीच नाही. नुसतं बी वाढवू."

"आणि खायचं काय?"

"एक हंगाम दुसऱ्याच्या शेतावर राबू."

कीड लागू नये म्हणून त्याने ते दाणे राखेत घोळवले.

मित्रांनो, हाती आलेले सगळेच कापून घेऊ नका. थोडे पिकायला राहू द्या.