घोरा, काका

शेतीच्या विजेची लाईन रात्री यायची, म्हणून सिद्धेश्वर गावच्या किसनरावाची रात्र भुईमुगाला पाणी देण्यात जायची. झोप उरायची ती दुपारची, शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच्या लिंबाखाली, बाजेवर. तेवढ्या झोपेवर माणूस उभा होता.

एका दुपारी शेजारच्या धावड्याच्या झाडाच्या वाळक्या फांदीवर एक पाखरू येऊन बसलं. डोक्यावर तुरा, शेपूट कात्रीसारखं. ते उठेचना.

"बस बाई. कोणीतरी बसलंच पायजे," म्हणून किसनराव घोरायला लागला.

मग हिंगोलीहून बुद्धभूषण सर आले. कॉलेजात शिकवायचे, गळ्यात दुर्बीण.

"काका, ही तुरेवाली पाकोळी! साध्या पाकोळ्यांना फांदीवर बसताच येत नाही, हिला येतं. पोटाखाली घरटं आहे. थुंकीनं चिकटवलेलं, एका अंड्यापुरतं."

"थुकीनं? आन् आमी घरकुलासाठी शिमिट मागून राहिलो."

दुसऱ्या दिवशी सर डझनभर पोरं घेऊन आले. सगळे बाजेभोवती माना वर करून उभे. सर किसनरावाच्या कानाशी वाकले. "काका, एक विनंती. घोरू नका. ती बुजेल."

किसनरावानं आजवर सगळ्यांचे नियम पाळले होते. हाही पाळला. डोळे ताणून पडून राहिला.

घटकाभरानं पाखरू उठलं नि उडून गेलं. अंडं उन्हात उघडं पडलं. सरांचा चेहरा उतरला.

तेवढ्यात किसनरावाची बायको मनकर्णा भाकर घेऊन आली. "ह्यांला जागं काहून ठेवलं? ह्यांच्या घोरण्याची पाखराला सवय झाली असंल. मलाबी झाली. गावाला गेले की झोप येत न्हाई."

सरांनी हात जोडले. "काका, घोरा."

"झोप लागंल तवा घोरीन ना. इतके डोळे माझ्यावर, झोप कशी लागंल?"

"मग नुसता आवाज काढा."

किसनराव टक्क जागा राहून घोरू लागला. पाखरू फिरून आलं, अंड्यावर बसलं. तो दम घ्यायला थांबला की ते अर्धं उठायचं. तो पुन्हा सुरू. त्या सुरात पोरं एकेक करून आडवी झाली. शेवटी सरही बुंध्याला टेकले आणि असे घोरले की लिंबोळ्या पडल्या.

किसनरावानं हळूच आपला आवाज बंद केला. पाखरू हललं नाही.

"निजा आता," मनकर्णा म्हणाली.

त्यानं कूस बदलली, डोळे मिटले. तेवढ्यात विहिरीवर मोटर धडधडली. सहा वर्षांत पहिल्यांदा लाईन दुपारी आली होती.

किसनरावानं चपला शोधल्या, फावडं खांद्यावर घेतलं. जाताना वर पाहिलं.

"बस, बाई," तो म्हणाला.