न चाखलेला सॉस

त्या दिवशी अख्ख्या कसब्यात नाजिमाला एकही मोकळी जीभ सापडेना.

रमजानचे अर्ध्याहून जास्त रोजे झाले होते. घरात माणसं तीन: नाजिमा, तिचा नवरा जावेद आणि सासू मदिनाबी. तिघांचाही रोजा. ओट्यावर पातेलंभर सॉस तयार होता. आल्याचा रस, लिंबू, ठेचलेली हिरवी मिरची, कोथिंबिरीच्या काड्या, साखर आणि वरून सोया सॉस. वास तर असा सुटला होता की मदिनाबी आतल्या खोलीतून दोनदा म्हणाल्या, "अगं दार लाव, रोजा लागतोय मला." पण तो आंबट झालाय, खारट झालाय, की नुसताच पाणचट, हे सांगणार कोण? संध्याकाळी हाच सॉस वाफवलेल्या चिकनवर आणि तांदळाच्या नूडल्सवर ओतून वाघोलीला पन्नास माणसांपुढे ठेवायचा होता.

हे लचांड जावेदच्या धाकट्या बहिणीनं, सुमय्यानं आणलं होतं. ती वाघोलीला राहते आणि जवळच्याच एका आयटी कंपनीत आहे. रमजानच्या आधी ती माहेरी आली होती, तेव्हा नाजिमानं फोनवर बघून बघून शिकलेला हा पदार्थ तिला खिलवला. सुमय्या तीन वेळा वाढून घेत म्हणाली, "भाभी, सीरियसली, कमाल आहे." ऑफिसात जाऊन तिनं त्याचा डंका पिटला. कंपनीचं कँटीन बघणारा केयूर नावाचा माणूस दर शुक्रवारी आशियाई जेवणाचा एक वेगळा काउंटर लावायच्या विचारात होता. सुमय्या त्याला म्हणाली, आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सगळ्या टीमसाठी इफ्तार ठेवतेय, भाभीच्या हातचं तिथंच खाऊन बघ. आवडलं तर ईदनंतर काउंटर नाजिमाचा.

नाजिमाला तो काउंटर हवा होता. अगदी मनापासून हवा होता. लग्नाला चार वर्षं झाली, पण या ओट्यावर आजही तिचं काही नव्हतं. डबे मदिनाबींचे, मसाले मदिनाबींचे, अंदाजही मदिनाबींचे. हा एवढा एक आल्या-लिंबाचा सॉस काय तो तिचा होता.

एरवी रमजानभर ती न चाखताच स्वयंपाक करायची. खिमा, दालचा, कबाब, सगळं हाताच्या अंदाजानं. मीठ किती ते बोटांना कळायचं. पण हा सॉस हाताचा नव्हताच, तो जिभेचा होता. थेंबभर लिंबू, चिमूटभर साखर, की चाखायचं. पुन्हा थेंबभर लिंबू, की पुन्हा चाखायचं. प्रमाण ठरवून ठेवावं म्हटलं तर लिंबं कुठे रोज सारखी असतात? उन्हाळा तोंडावर आलेला, त्यामुळे मंडईत मिळाली ती बोराएवढी, नुसती साल आणि आत दोन थेंब रस. नाजिमानं ती पिळून पिळून त्यांचा जीव काढला होता.

शेवटी वाटीत थोडा सॉस घेऊन ती खालच्या मजल्यावर दुर्गाकाकूंकडे गेली. काकू दारातच शेंगदाणे सोलत बसल्या होत्या.

"काकू, एवढं जिभेवर ठेवून सांगता का, कसं झालंय ते?"

"आज संकष्टी आहे," काकू म्हणाल्या.

"अहो, आलं-लिंबूच आहे. उपासाला चालतं ना?"

काकूंनी वाटीत डोकावून पाहिलं. "आलं चालतं, लिंबू चालतं. मिरचीही चालते. हे काळं काय आहे?"

"सोया सॉस."

"म्हणजे कडधान्य." काकूंनी वाटी हातभर लांब सरकवली. "चंद्रोदयानंतर आण. सांगते सावकाश."

चंद्रोदयापर्यंत वाघोलीतली पन्नास माणसं जेवून ढेकर देऊन घरी गेलेली असणार होती. एकादशीच्या घरी शिवरात्र, असं मनात म्हणत नाजिमा जिना चढली. रस्त्यावरच्या कुणा अनोळखी माणसाला थांबवून चाखवावं, असंही एकदा डोक्यात आलं. पण कसब्यातल्या माणसाला फुकटात चाखायला दिलं तर तो आधी विचारणार, "का? काय आहे त्यात?"

वर मदिनाबी तसबीची माळ हातात घेऊन बसल्या होत्या. सुनेचा उतरलेला चेहरा बघून त्या म्हणाल्या, "लहानपणी आम्ही ऐकलंय. नवरा तापट असेल, जेवणावरून आकांडतांडव करणारा असेल, तर बाईनं नुसतं जिभेच्या टोकावर ठेवून बघावं. गिळायचं नाही, लगेच चूळ भरायची. चालतं तेवढं."

नाजिमाचे डोळे चमकले. "मग बघू का, अम्मी?"

"तुझा नवरा तापट आहे?" मदिनाबी शांतपणे म्हणाल्या. "मीच जन्म दिलाय त्याला. मला विचार."

सवलत होती, पण तिच्या नवऱ्याच्या स्वभावात बसत नव्हती. आणि खरं सांगायचं तर नाजिमाची छातीही होत नव्हती. आल्या-लिंबाच्या नुसत्या वासानं तोंडाला पाणी सुटत होतं. ते टोकावर थांबणार थोडंच? घोट उतरला की पहाटेपासूनच्या सगळ्या तहानेवर पाणी पडणार.

एवढ्यात अर्ध्या दिवसाची रजा टाकून जावेद आला. जावेद लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानात सेल्समन. जगात कुणालाही दुखवायचं नाही, हा त्याचा बाणा. समोर कसलीही बाई असो आणि कसलाही रंग असो, "ताई, हा तुम्हाला खुलून दिसतो" हे वाक्य तो झोपेतही म्हणू शकला असता. मंडईत किडकी वांगी दिली तर तो ती मुकाट्यानं घरी आणायचा, कारण "त्या माणसाचा आज धंदा नव्हता". आणि ताटात काहीही पडलं तरी त्याचं एकच मत असायचं: छान झालंय.

"अहो," नाजिमा म्हणाली, "समजा आज सॉस बिघडला. तुम्ही ओरडाल का माझ्यावर?"

"का ओरडू? तू एवढ्या उन्हाची राबतेयस."

"समजा खारट झाला. अगदी तोंडात धरवत नाही."

"मग पाणी घालून घेईन की."

नाजिमानं उलथनं ओट्यावर आपटलं. "चार वर्षं तुम्ही मला छान, छान, छान म्हणताय! करपलं तरी छान, अळणी तरी छान. गेल्या वर्षी भातात मीठ घालायला विसरले, तरी छान! मला स्वयंपाक येतो की नाही, हेच मला आजवर कळलेलं नाही. कुणीतरी एकदा खरं सांगा हो मला!"

"येतो की," जावेद म्हणाला. "छान येतो."

नाजिमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पातेल्याकडे वळली. नाकानं वास घेतला, डोळ्यांनी रंग बघितला, दोन चमचे साखर आणि थोडं मीठ घातलं, मग भीती वाटून वर आणखी तीन लिंबं पिळली आणि अल्लाचं नाव घेऊन झाकण लावलं.

चिकन आणि नूडल्सचे डबे रिक्षानं आधीच पाठवले होते. सॉसचा डबा मात्र ती कुणाच्या हाती देईना. तो मांडीवर घट्ट धरून ती जावेदच्या स्कूटरवर मागे बसली. नगर रोडवर नेहमीसारखी गर्दी होती. खराडीच्या पुढे तर गाड्या अशा अडकल्या होत्या की अजान आता रस्त्यातच होते की काय, असं वाटायला लागलं. प्रत्येक खड्ड्याला डबा हिंदकळायचा आणि झाकणाखालून आल्याचा वास यायचा. आपण काय केलंय हे आपल्यालाच ठाऊक नाही, आणि ते आपण पन्नास माणसांना खायला घालायला निघालोय, या विचारानं ती डबा आणखीच आवळून धरत होती.

अजानच्या थोडं आधी ते पोचले. खजूर झाला, पाणी झालं, नमाज झाली आणि लोक ताटं घेऊन रांगेला लागले. नाजिमानंही एका वाटीत घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून घास तोंडात घातला.

आधी आलं लागलं. मग लिंबू. मग एक क्षण काही नाही. आणि त्यानंतर जिभेच्या मुळाशी काढ्यासारखी कडू चव चढत गेली ती उतरेचना. पिळून पिळून तिनं सालीचा सगळा कडवटपणा रसात उतरवला होता, आणि डब्यात बसून तो दुपारभर मुरला होता.

पण मागे नवलच चाललं होतं. सुमय्याच्या टीममधली अपेक्षा नावाची मुलगी मोठ्यानं म्हणत होती, "वॉव, एकदम ऑथेंटिक! थायलंडमध्ये असंच लागतं!" ही अपेक्षा अमरावतीची, आणि मघाशीच तिनं सांगितलं होतं की तिनं अजून गोवासुद्धा पाहिलेला नाही. दुसरं कुणी म्हणालं, "डिफरंट आहे." तिसरं म्हणालं, "हेल्दी वाटतंय." ताट खाली कुणी ठेवत नव्हतं, आणि दुसऱ्यांदाही कुणी घेत नव्हतं.

केयूर ताट घेऊन तिच्याजवळ आला. चष्मा लावलेला, सभ्य माणूस. "छान आहे हो, वहिनी. वेगळं आहे. ईदनंतरच्या पहिल्या शुक्रवारी सुरू करू या?" नाजिमानं हातातली वाटी ओढणीआड लपवली. तेव्हा बोलायचं म्हणून तो शेजारी उभ्या जावेदकडे वळला. "काय जावेदभाई, घरी रोज चंगळ असेल तुमची. कसं झालंय आजचं?"

नाजिमानं जावेदकडे पाहिलं. दिवसभर ती खरं बोलणारा माणूस शोधत फिरली होती, आणि आता तिला वाटलं, या अल्ला, या माणसाला फक्त नेहमीचा तो एक शब्द म्हणू दे. चार वर्षं म्हणतोय, आज आणखी एकदा.

जावेदनं हातातला चमचा ताटात ठेवला. "कडू झालंय," तो म्हणाला.

"काय?"

"कडू झालंय आज. लिंबं जास्त पिळली गेलीत. हे असं काउंटरवर ठेवलंत तर दुसऱ्या शुक्रवारी कुणी फिरकणार नाही."

आणि बांध फुटावा तसं झालं. "हो ना, मला पण थोडं वाटलंच," अपेक्षा म्हणाली. "मागून लागतंय," आणखी कुणी म्हणालं. केयूरनं सुटल्यासारखा श्वास सोडला आणि ताट बाजूला ठेवलं. "मग असं करू, वहिनी," तो म्हणाला, "मी कळवतो तुम्हाला."

पुण्यात 'कळवतो'चा अर्थ काय होतो, हे नाजिमाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

परत येताना उरलेल्या सॉसचा डबा मांडीवर जड लागत होता. खराडीच्या एका सिग्नलला तिचा संयम सुटला.

"चार वर्षं! चार वर्षं तोंडात गूळ धरून बसलात, आणि वाचा फुटली ती आज? तो हो म्हणत होता हो! सगळे छान म्हणत होते!"

"सगळे खोटं बोलत होते," जावेद म्हणाला. "मला कळतं ते. मी दिवसभर तेच करतो. नको तो रंग बाईच्या गळ्यात मारतो. पण ती साडी एखाद्या लग्नात नेसते आणि कपाटात टाकते. तू दर शुक्रवारी तिथं उभी राहणार, लोक तोंडावर छान म्हणणार आणि पाठीमागे ताट तसंच टाकणार. ते मला बघवलं नसतं."

"मग मला बाजूला घेऊन सांगायचं!"

"तिथं त्यानं मलाच विचारलं," तो म्हणाला. "चुकलंच माझं."

'चुकलंच माझं' ऐकून नाजिमा आणखी चिडली, कारण आता भांडायलाही काही उरलं नाही. सिग्नल सुटला. थोड्या वेळानं ती त्याच्या पाठीमागून म्हणाली, "आणि माझा खिमा?"

"काय खिमा?"

"कसा होतो? खरं सांगा. आता लाज काय उरलीय?"

जावेदनं पुढच्या बसला वाट दिली. "लवंग जास्त असते."

"चार वर्षं?"

"चार वर्षं."

"दालचा?"

"चिंच कमी पडते. गुळमट लागतो."

"शीरखुर्मा?"

"घट्ट. चमचा उभा राहतो."

तिनं त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. ही सगळी वर्षं हा माणूस तोंड वाकडं न करता जेवत होता आणि ती रोज स्वतःवर खूश होत होती, या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तरी तिला थांबवेना. पराठे? जाड. अंड्याचं सालन? ते बरं असतं, पण वरचं तेल जास्त. येरवडा येईपर्यंत तिनं घरातलं सगळं भांडं न् भांडं उपसून काढलं. एकच उरलं, आणि ते विचारायचा तिला धीर होईना. मनातल्या मनात तिला त्याचाच थोडा अभिमान होता.

पुलावर वारा लागला. "आणि बिर्याणी?" ती म्हणाली.

जावेदनं स्कूटर हळू केली, आणि तिनं उत्तर आपलं आपणच समजून घेतलं.

"बिर्याणी तुझी अम्मीपेक्षा सरस होते," तो म्हणाला. "पहिल्या वर्षापासून."

बिर्याणीला तो याआधीही छान म्हणाला होता, दर वेळी म्हणाला होता, आणि तिनं ते कधी धरलंच नव्हतं. नाजिमाला एकदम रडू आलं. असल्या दिवशी एवढ्याशा गोष्टीवर रडू यावं, याचा रागही आला. तिनं डब्यावरचा एक हात काढून त्याच्या शर्टाला धरलं.

"पण हे अम्मीला सांगू नकोस हं," जावेद म्हणाला.

"घरी गेल्या गेल्या सांगते," नाजिमा ओढणीला नाक पुसत म्हणाली.