घंटेआधीचा सलाम

बान्सिकुंदा गावात मतदान गुप्त असे. निकाल आधीच ठाऊक असल्यामुळे त्या गुप्ततेवर कोणाचा आक्षेप नव्हता. शाळेच्या खोलीत पडद्याआड दोन रंगवलेली पिंपे ठेवत: दाराशी महामहिम राष्ट्राध्यक्षांचे जांभळे, पलीकडच्या भिंतीशी विरोधकाचे पांढरे. मतदाराने नळीतून पिंपात गोटी सोडायची. आत घंटा वाजे. एक नाद, एक मत. त्या दिवशी गावात सायकलींना बंदी असे, कारण सायकलच्या घंटीने निवडणूक धोक्यात येई. दोन दशके जागेवरून न हललेल्या सत्तेला एवढेच काय ते भय होते.

दोन्ही पिंपांचा नाद मात्र सारखा. राज्यघटनेची बाकी कलमे निकालात निघाली, तरी हा सारखेपणा नजरचुकीने शिल्लक राहिला होता. तोही सिर्रा सान्यांगने पक्षाच्या चरणी वाहिला. ती पक्षाच्या बायकांची पुढारीण. मंत्र्यांच्या स्वागताला बायका नाचवायच्या, महामहिमांच्या छापाचे कापड वाटायचे, ही तिची राष्ट्रसेवा. तिचा धाकटा भाऊ केब्बा तुरुंगात होता. महामहिमांनी दोनदा उद्घाटन केलेल्या दवाखान्याला छप्पर नाही, असे तो चहा पिता पिता चारचौघांत बोलला होता. छप्पर खरोखरच नव्हते, त्यामुळे गुन्हा गंभीर ठरला.

"सगळं गाव जांभळ्यात पडू दे, केब्बाचं मी वरती बोलतो," जिल्ह्याचा पक्षाध्यक्ष वान्दिफा म्हणाला होता. "पण पडलं की नाही, ते कळायचं कसं?"

"कान कशाला दिलेत देवानं?" सिर्रा म्हणाली. "पडदा पडल्यावर घंटा लगेच वाजली, तर जांभळं. उशिरा वाजली, तर समज, बाई भिंतीपर्यंत गेली."

मतदानाच्या दिवशी कडुनिंबाखाली तिघे कान टवकारून बसले: सिर्रा, वान्दिफा आणि राजधानीहून आलेले गुप्त पोलिसांचे साहेब. पहिली म्हातारी तिदा आत गेली. घंटा उशिरा वाजली. दुसरीची उशिरा. तिसरीचीही. दुपारपर्यंत एकही घंटा वेळेवर वाजली नाही. विहिरीवर आपल्या हुशारीची फुशारकी सिर्रानेच मारली होती. बायकांनी ती मन लावून ऐकली होती. आता पांढऱ्यात टाकणारी आणि जांभळ्यात टाकणारी, दोघी आत सारख्याच रेंगाळत होत्या.

"ताई, तुझ्या बायका आत फार फिरायला लागल्यात," वान्दिफा हळूच म्हणाला. "केब्बाला विसर आता. जा, तुझं मत टाकून ये. मी ऐकतो."

पडदा पडला. जांभळे पिंप हाताशी होते. लगेच घंटा वाजवली, तर ती एकटी निष्ठावंत आणि सारे गाव गद्दार. मग केब्बाचे नाव काढणार कोण? सिर्रा सावकाश पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली. एवढे चालून गेलेच आहे, तर तिथले पिंप रिकामे कशाला ठेवायचे, असा विचार करून तिने गोटी पांढऱ्यात सोडली.

"एवढा वेळ?" बाहेर येताच वान्दिफाने विचारले.

"सलाम नको करायला?" सिर्रा साहेबांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. "पिंपावर महामहिमांचा फोटो आहे. त्यांच्यापुढं उभं राहायचं, त्यांच्या आयुष्यासाठी दुआ मागायची, मग गोटी. मीच शिकवलंय सगळ्यांना. तसंच कोंबडीला दाणे टाकल्यासारखं टाकायचं का?"

"मी तर गुडघे टेकले," तिदा म्हणाली. "उठवेना बाई लवकर."

साहेबांनी काळा चष्मा काढून गावाकडे आदराने पाहिले. मग वान्दिफाकडे पाहिले. "तुमचं मत राहिलंय ना, अध्यक्ष?"

वान्दिफा आत गेला. घंटा काही वाजेना. रांग ताटकळली.

"झोपला की काय?" तिदाने विचारले.

"निष्ठा मोठी आहे त्याची," सिर्रा म्हणाली. "वेळ लागणारच."

अखेर घंटा वाजली. घामाघूम वान्दिफा बाहेर आला, तेव्हा सिर्रा त्याच्या वाटेतच उभी होती. "आता कर वरती फोन. सगळं गाव जांभळं आहे. की तुझ्यासुद्धा घंटेला उशीर झाला, त्याचा वेगळा अर्थ लावायचा?"

त्याने साहेबांसमोरच फोन लावला. बान्सिकुंदा संपूर्ण जांभळे असल्याची ग्वाही दिली आणि त्याच दमात केब्बाच्या सुटकेचा शब्द टाकला. पलीकडून होकार आला. मोजणी अजून व्हायची होती. पण मोजणीसाठी थांबण्याची त्या पक्षात पद्धत नव्हती.