माझ्या पानांवरचे वळ

मी एक जुनी सरावपुस्तिका आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, माझ्याकडे उत्तरं मागू नका. माझ्यात एकशे बारा पानं नुसते प्रश्न आहेत. उत्तरांची नऊ पानं शेवटी होती. मी वर्गात आले त्याच आठवड्यात आमच्या शिक्षिका मिस ऑटींनी ती पट्टी लावून फाडली आणि आपल्या टेबलाच्या खणात कुलपात टाकली. त्यामुळे माझं स्वतःचं शिक्षण अर्धवटच राहिलं. त्याची मला लाज नाही. शिकलेली माणसं मी नाकाला नाक लावून पाहिली आहेत. त्यांच्याकडे बघून मला कधी आपण कमी आहोत असं वाटलं नाही.

आमचं गाव लॉरेल फोर्क, केंटकीच्या डोंगरातलं. आधी कोळशाची खाण बंद पडली, मग पँट शिवायचा कारखाना. राहिलं ते चर्च, वृद्धाश्रम आणि पेट्रोल पंप. चर्चच्या तळघरात मंगळवारी आणि गुरुवारी मोठ्या माणसांची शाळा भरायची. ज्यांची शाळा लहानपणी सुटली ती माणसं तिथे बारावीच्या बरोबरीच्या परीक्षेची तयारी करायची. गणिताच्या पुस्तिका वेगळ्या होत्या. माझा विषय व्याकरण आणि वाक्यं सुधारणं. वर एक बिघडलेलं वाक्य, खाली चार सुधारलेली. त्यातलं जे बरोबर वाटेल त्याच्या अक्षराभोवती पेन्सिलीने गोल करायचा. काम सोपं दिसतं. करून बघा म्हणजे कळेल.

आम्ही एकसारख्या बावीस बहिणी होतो. नव्या पुस्तिका मिळायची आशा नव्हती, म्हणून मिस ऑटींचा एक नियम होता. हलक्या हाताने लिहायचं, आणि परीक्षा पास झालं की जाण्याआधी आपल्या हाताने सगळं खोडून पुस्तिका कोरी करून द्यायची. त्या दिवसाला सगळे 'खोडायचा दिवस' म्हणत. पास झालेला माणूस पुढे बसून पानामागून पान खोडायचा, बाकीचे टाळ्या वाजवायचे आणि मिस ऑटींनी आणलेला सफरचंदाचा केक खायचे. दाढीवाले, थोराड पुरुष माझ्यावर खोडरबर फिरवताना रडलेले मी पाहिले आहेत. माझ्या अंगावरून अकरा माणसं पास होऊन गेली. दुसऱ्या एकाही बहिणीला ते जमलं नाही. मिस ऑटी मला हातात घेऊन म्हणायच्या, "ही हाताला चांगली आहे." मग मी का नाही मिरवणार?

अकरावा होता होबर्ट स्लोन. सव्वीस वर्षं खाणीत काढलेला माणूस. त्याच्या हातात पेन्सिल म्हणजे पहार. दर तासाला दोन टोकं मोडायची.

"होबर्ट, कागद आहे तो, डोंगर नाही," मिस ऑटी म्हणायच्या.

"सवय आहे, मिस ऑटी. आमच्याकडे जोर लावल्याशिवाय काही सुटत नाही."

तो आधी चुकायचा. मिस ऑटी खणातली पानं काढून तपासायच्या, खूण करायच्या. मग तो चुकीचा गोल खोडायचा आणि बरोबर उत्तराभोवती दोन-दोनदा गोल काढायचा, एवढा दाबून की मागच्या पानालाही कळावं. असं करत करत त्याने मला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत संपवलं. तो पास झाला. खोडायच्या दिवशी त्याने मला अगदी मन लावून खोडलं. पेन्सिलीचा काळेपणा सगळा गेला. वळ मात्र राहिले. प्रत्येक बरोबर उत्तराभोवती कागद गोल खचला होता. कुणाला दिसलं नाही. तळघरातला दिवा सरळ डोक्यावर, सावली पडतच नाही.

होबर्टनंतर मी डेल्फिया नेपियरच्या हातात गेले.

ती आली तीच तोंड सोडून. मिस ऑटींनी नाव, वय विचारलं.

"डेल्फिया. त्रेपन्न. आठवीत शाळा सुटली, आणि तिची आठवण येते असंही नाही."

"मग आता का आलीस गं?"

"वृद्धाश्रमाला नवे मालक आलेत. त्यांचं म्हणणं, एकतीस ऑगस्टच्या आत बारावीचा कागद आणा, नाहीतर म्हाताऱ्यांना हात लावायचा नाही. अकरा वर्षं मी त्यांची ढुंगणं धुतेय, मिस ऑटी. कुणी कधी विचारलं नाही, बाई, स्वल्पविराम कुठे देतेस?"

वर्ग हसला. ती हसली नाही.

"नोकरीवर विमा आहे," ती म्हणाली. "विम्यावर एस्टिलचं यंत्र आहे. यंत्रावर एस्टिल आहे."

एस्टिल तिचा नवरा. खाणीच्या धुळीने त्याची फुप्फुसं गेली होती. नाकात नळी घालून, प्राणवायूच्या यंत्राला बांधल्यासारखा तो दिवसरात्र बसायचा. गणित आणि बाकीचे विषय तिने मे महिन्यापर्यंत उरकले होते. एक मीच राहिले होते.

आता डेल्फियाची बोटं सांगते. वृद्धाश्रमात लागायच्या आधी तेवीस वर्षं ती कारखान्यात पँटच्या कमरपट्ट्या शिवायची. तिथे शिवण डोळ्याने बघायला वेळ नसतो. बोट फिरवायचं. टाका बसला असेल तर बोटाला कळतं, सुटला असेल तरी कळतं. ती वाचायची तेसुद्धा तसंच, ओळीवरून बोट सरकवत. चार उत्तरांवरून बोट खाली यायचं, एका ठिकाणी जरा थांबायचं, आणि ती म्हणायची, "हं. हे बसतंय." मग तिथे हलक्या हाताने गोल.

बसतच होतं ते. होबर्टने बसवून ठेवलं होतं.

ती लबाड नव्हती, हे मी छातीठोक सांगते. तिला खाच दिसत नव्हती, आणि बोटाला लागायची ती तिला खाच वाटतच नव्हती. डोक्याच्या आधी बोटाला कळतं, हीच तिची जन्माची विद्या. तिला वाटलं, व्याकरणही तसंच असतं.

पुस्तिका वर्गाबाहेर न्यायची नाही, असा नियम होता. मुदत जवळ आली म्हणून मिस ऑटींनी तिच्यापुरता तो मोडला. मग मी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर राहू लागले. ती दुपारी कामावरून यायची, घेवडा शिजत लावायची, मक्याचा पाव भट्टीत सरकवायची आणि मला उघडायची. शेजारी यंत्र घरघरत असायचं.

"आज काय सुधारलंस?" एस्टिल विचारायचा.

"एका साहेबाचं पत्र. चार ओळी, सात चुका."

"मग साहेब कसा झाला तो?"

"म्हणूनच झाला."

"मला पण घे की सुधारायला, म्हातारे."

"तुझं वाक्य संपत आलंय. आता त्यात काय हात घालायचा?"

तो हसायचा, हसता हसता खोकायचा, आणि खोकला थांबेपर्यंत ती त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहायची. तोंडाने मात्र म्हणायची, "आता मेलास तर माझी पानं राहतील." अशी ती दोघं.

जुलैत तिने चाळीस पानं केली. मिस ऑटींनी खणातली पानं काढून तपासली. चाळीसच्या चाळीस बरोबर. त्यांनी चष्मा काढला.

"डेल्फिया, अगं, तुला भाषेचा कान आहे. एवढ्या वर्षांत असं मी पाहिलं नाही."

डेल्फियासारखी बाई लाजली. "आठवीतली बाई मला धोंडा म्हणायची," ती म्हणाली.

"चुकली ती."

एरवी खऱ्या परीक्षेला पाठवण्याआधी मिस ऑटी प्रत्येकाला कोऱ्या कागदांवर एक चाचणी द्यायच्या. पास झाला तरच नाव पाठवायच्या. ती चाचणी त्यांनी डेल्फियाला दिली नाही. म्हणाल्या, "चाळीस पानं बरोबर आली, आता चाचणी कशाला घेऊ? उगीच घाबरशील." आणि तिचं नाव त्याच दिवशी पाठवून दिलं.

मला सगळं कळत होतं, मित्रांनो. माझ्या अंगावरचे वळ मला ठाऊक नसतील तर कुणाला असतील? पुस्तिकेला बोलता येत नाही, असं म्हणून मी सुटू शकते. पण खरं सांगते, बोलता आलं असतं तरी मी बोलले नसते. वर्गासमोर मला वर धरून मिस ऑटी म्हणाल्या होत्या, "बघा, पुन्हा हीच पुस्तिका!" बारावा माणूस पास होणार, माझ्यावरून होणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परीक्षा झाली. गुरुवारी ती वर्गात आली आणि मला मिस ऑटींच्या टेबलावर ठेवलं.

"चौदा गुणांनी गेले."

"असं कसं होईल? गडबडलीस का?"

"नाही. संगणक होता. काचेवर सगळी वाक्यं. गुळगुळीत काच. चारही उत्तरं सारखीच लागत होती, मिस ऑटी. एकही बसत नव्हतं."

"बसत नव्हतं म्हणजे?"

डेल्फियाने आपल्या बोटाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "बोटाला."

मिस ऑटींनी मला उचललं. तळघराला एकच छोटी खिडकी, जमिनीलगतची. तिथे नेऊन त्यांनी मला तिरकं धरलं. संध्याकाळचं ऊन आडवं आलं आणि माझ्या पानांवरचे सगळे वळ उघडे पडले. एवढी लाज मला फाडल्या गेलेल्या पानांचीसुद्धा वाटली नव्हती.

त्यांनी दुसरी पुस्तिका काढली, माझीच बहीण, हलक्या हातातून गेलेली. तिच्यातलं एकतिसावं पान डेल्फियासमोर ठेवलं. त्या पानावर माझ्यात डेल्फियाचे दहापैकी दहा होते. आता दहापैकी तीन आले.

"म्हणजे मला काहीच येत नाही," डेल्फिया म्हणाली.

"माझं चुकलं गं. मी चाचणी घ्यायला हवी होती."

"मला वाटलं, मी शिकले." एवढंच बोलून तिने पेन्सिल बाकीच्या पेन्सिलींच्या टोकाला टोक लावून नीट डब्यात ठेवली.

मिस ऑटींनी तिला पुढचे सतरा दिवस रोज बोलावलं. बहिणीवरून, पहिल्या पानापासून. डेल्फियाने हात मागे बांधून वाचायची सवय केली. ती खरंच शिकू लागली. पण सतरा दिवसांत किती शिकणार? पुन्हा परीक्षा दिली तेव्हा पाच गुण कमी पडले. वृद्धाश्रमात जाऊन तिने मालकांच्या माणसाला विचारलं, "दोन महिने द्या." तो म्हणाला, नियम सगळ्यांना सारखा आहे. तोंडाने चांगला होता म्हणे. खुर्ची दिली बसायला.

त्या गुरुवारी जाताना डेल्फियाने सवयीने मला घरी नेलं होतं, आणि पुढच्या गडबडीत मला कुणी वर्गात परत नेलं नाही. मी तिच्या टेबलावरच पडून होते. म्हणून पुढचंही मीच पाहिलं.

नोकरी गेली, तिच्यामागे विमा गेला, आणि सप्टेंबरच्या शेवटी यंत्र परत न्यायला गाडी आली. आलेला माणूस ओळखीतलाच निघाला, होबर्टचा जावई. टोपी काढून दारातच उभा राहिला.

"काका, दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणालो होतो मी."

"ये, कॉफी घे," एस्टिल म्हणाला. "माझा श्वास न्यायला आलायस, निदान उपाशी जाऊ नको."

जावयाने कॉफी उभ्यानेच घेतली. जाताना त्याने प्राणवायूच्या दोन छोट्या टाक्या दाराशी ठेवल्या. "गाडीतून उतरवल्या आणि परत घ्यायला विसरलो, असं समजा, काकी."

डेल्फियाने मान हलवली. यंत्राची घरघर बंद झाल्यावर घर एवढं शांत झालं की एस्टिलचा श्वास मोजता यायचा. ती मोजायची. टाक्या तीन आठवडे पुरवल्या, दुपारी बंद ठेवून, जिना चढायचा नाही, हसायचं नाही. हसायचं नाही हे त्याला जमलं नाही. ऑक्टोबरच्या वीस तारखेला तो गेला.

दफन झाल्यावर दुसऱ्या मंगळवारी तिने मला बगलेत मारलं आणि तळघरात आली. मिस ऑटींना तिच्याकडे बघवेना. डेल्फिया समोरच्या बाकावर बसली.

"आता कशाला, डेल्फिया?" मागून कुणीतरी विचारलं. वाईट हेतू नव्हता.

"आता मुदत नाही म्हणून," ती म्हणाली. मग मिस ऑटींकडे वळली. "चुकलं की चुकलं म्हणायचं. मला बरं वाटावं म्हणून काही बोलायचं नाही. माझ्याकडे बघा, मिस ऑटी. मी रडायची नाही."

तिला बारावीचा कागद मिळाला फेब्रुवारीत. माझ्यावरून नाही. माझ्या वेष्टनावर मिस ऑटींनी लाल खडूने 'वापरू नये' असं लिहिलं आणि मला सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. बरोबर केलं.

म्हणून मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटका, मला खाली काढा, असली विनवणी मी करणार नाही. पुस्तकं जपून वापरा, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. मी म्हातारी दुसरं सांगते. कुणी तुमच्याकडून शिकत असेल आणि त्याची सगळी उत्तरं बरोबर येत असतील, तर लगेच शाबासकी देऊ नका. आधी एक कोरा कागद पुढे ठेवा आणि म्हणा, आता यावर कर. चुकला तर त्याला वाईट वाटेल. वाटू द्या. मिस ऑटींसारख्या मायाळू बाईने डेल्फियाला तेवढं वाईट वाटू दिलं नाही. त्याची किंमत एस्टिल नेपियरने मोजली, आणि त्याने तर माझं एक पानही उघडलं नव्हतं.